मेजावरचे चिनी मातीचे पाहुणे

काचेच्या कपाटात ठेवलेली जुनी युरोपीय पुतळी नेहमी पाहणाऱ्याकडे तोंड करून उभी असते. कोकराला कुरवाळणारी मेंढपाळ युवती, घेरदार झग्यातली सरदारीण आणि तिचा हात हाती घेतलेला तिचा प्रियकर, रंगीबेरंगी चौकटींच्या अंगरख्यातला विदूषक. यांपैकी एखादी पुतळी हलकेच फिरवून तिची पाठ पाहिली, तर झग्याच्या चुण्या, अंबाड्याची फीत, अंगरख्यामागची बटणे हे सारे पुढच्या बाजूइतक्याच निगुतीने घडवलेले आणि रंगवलेले दिसते. भिंतीकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या वस्तूवर इतके श्रम सहसा कोणी खर्च करीत नाही. अठराव्या शतकातील या पुतळ्या मुळात कपाटासाठी घडवलेल्याच नव्हत्या. त्यांची जागा जेवणाच्या मेजावर, समोरासमोर बसलेल्या पाहुण्यांच्या दोन रांगांच्या मधोमध होती, आणि तेथे त्या चहूबाजूंनी न्याहाळल्या जात.

साखरेची आरास

चिनी मातीच्या या पुतळ्यांच्या आधी मेजावर साखरेच्या पुतळ्या होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात साखर ही ऐश्वर्याची खूण होती. साखरेची वस्त्रगाळ पूड आणि ट्रॅगकांथ नावाचा डिंक एकत्र मळून तयार होणारा लगदा साच्यात दाबला की त्यातून देवता, प्राणी, किल्ले, कमानी असे हवे ते आकार निघत. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यापुढे मांडलेले हातरुमाल, पाव, ताटल्या, सुऱ्या आणि काटे साखरेचेच होते, असे त्या मेजवानीचे वर्णन आढळते. रुखवतातील साखरेची कलाकुसर किंवा संक्रांतीचे हलव्याचे दागिने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या हौसेची कल्पना सहज यावी.

त्या काळी प्रचलित असलेल्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीतील सर्व पदार्थ एकदमच मेजावर मांडले जात. ती फेरी आटोपली की मेज आवरून दुसरी फेरी मांडायची. शेवटची फेरी फळांची आणि मिठायांची असे. ही फेरी मुदपाकखान्याच्या नव्हे, तर मिठाईखान्याच्या अखत्यारीत येई आणि साखरेच्या पुतळ्यांची आरास हा तिचा कळसाध्याय असे. मात्र साखरेला दमटपणा सोसत नाही. तिला पाणी सुटते, ती पिवळी पडते, मुंग्यांना तिचा पत्ता लागतो. एका मेजवानीसाठी आठवडेच्या आठवडे खपून केलेले काम दुसऱ्या मेजवानीला उपयोगी पडेलच याची शाश्वती नसे. साखरेइतका शुभ्र, साखरेसारखाच साच्यात बसणारा आणि तरीही टिकाऊ असा पदार्थ यजमानांना हवाच होता. तो सॅक्सनी या जर्मन राज्यात सापडला.

ड्रेस्डेनचा कैदी

सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला इतिहास ‘बलवान’ या बिरुदाने ओळखतो, त्याला चिनी मातीच्या भांड्यांचे अक्षरशः वेड होते. चीन आणि जपानमधून येणाऱ्या या भांड्यांवर त्याने पाण्यासारखा पैसा ओतला. १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी भांडी मिळवण्यासाठी त्याने आपल्या सैन्यातील ६०० स्वार त्याला देऊन टाकले. त्यांतील मोठ्या बरण्या आजही ‘ड्रॅगून बरण्या’ म्हणून ओळखल्या जातात. ड्रॅगून म्हणजे घोडदळातील शिपाई. बरण्यांना त्यांचे नाव मिळाले. त्या शिपायांची नावे मात्र या कथेत कोणी सांगत नाही.

हाच राजा लहान आकृत्यांचाही शौकीन होता. त्याचा जवाहिऱ्या डिंगलिंगर याने १७०१ ते १७०८ या काळात सोने, चांदी, मीनाकाम आणि हजारो हिरे वापरून त्याच्यासाठी औरंगजेब बादशहाच्या वाढदिवसाचा एक चिमुकला दरबार घडवला. शंभराहून अधिक आकृत्यांचा हा दरबार आजही ड्रेस्डेनच्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ संग्रहालयात आहे. तो घडत असताना खरा औरंगजेब दख्खनमध्ये मराठ्यांच्या एकेका किल्ल्यासाठी छावणीत झिजत होता आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, तो मरण पावला. ड्रेस्डेनच्या हिरेजडित दरबारात या दैन्याची छायाही नाही. दूरदेशीची माणसे मेजावर मांडण्याजोगी करण्याची ही दृष्टी पुढे चिनी मातीतही उतरली.

चिनी मातीचे रहस्य ज्याच्या हाती लागले तो योहान फ्रीडरिश ब्यॉटगर हा औषध्याकडे उमेदवारी करणारा तरुण होता. आपण हलक्या धातूचे सोने करू शकतो असा त्याचा दावा होता. प्रशियातून पळालेल्या या तरुणाला ऑगस्टसने ताब्यात घेतले आणि सोने करून दे, असे सांगून कोंडून ठेवले. सोने काही होईना. अखेर चिर्नहाउस या विद्वान शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्याला माती आणि भट्टीच्या प्रयोगांना लावण्यात आले. १७०८ मध्ये पांढऱ्या, अर्धपारदर्शक चिनी मातीचा प्रयोग साधला. त्याच वर्षी चिर्नहाउस मरण पावला. जानेवारी १७१० मध्ये राजाज्ञेने कारखाना स्थापन झाला आणि काही महिन्यांतच तो माइसेन गावच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग या टेकडीवरच्या गढीत हलवण्यात आला. गढी निवडण्याचे कारण उघड होते. तेथून माणूस आणि कृती यांपैकी काहीच सहजासहजी बाहेर पडू शकत नव्हते. तरीही कारागीर फुटले आणि १७१८ पर्यंत व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला. ब्यॉटगर १७१९ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. विषारी धूर, मद्य आणि वर्षानुवर्षांची कैद यांनी त्याची प्रकृती पार ढासळली होती.

केंडलरचे हात

पहिली वीस वर्षे माइसेनची ख्याती मुख्यतः पेले, बशा आणि बरण्यांसाठी होती. १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा पंचविशीतला शिल्पकार तेथे रुजू झाला आणि कारखान्याचे रूप पालटले. प्रारंभी त्याच्यावर राजाच्या ‘जपानी प्रासादा’साठी मोठमोठे प्राणी आणि पक्षी चिनी मातीत घडवण्याची कामगिरी होती. ते भट्टीत तडकत, त्यांना भेगा पडत. माती राजाच्या महत्त्वाकांक्षेपुढे नमत नव्हती. केंडलरची प्रतिभा खऱ्या अर्थाने फुलली ती त्यानंतर, वीतभर उंचीच्या पुतळ्यांत.

अशी पुतळी एकसंध घडत नाही. शिल्पकार प्रथम माती किंवा मेण यांचा मूळ नमुना करतो. त्या नमुन्याचे धड, हात, डोके, टोपी असे तुकडे पाडून प्रत्येकाचा प्लास्टरचा वेगळा साचा घेतला जातो. साच्यांतून निघालेले ओले अवयव पातळ कालवलेल्या त्याच मातीने जोडतात, सांधे पुसून एकजीव करतात आणि बोटे, फुले, पाने हातानेच वळतात. भाजताना पुतळी सुमारे एकषष्ठांशाने आक्रसते. झिलईची भट्टी १४०० अंश सेल्सियसच्या आसपास तापते. त्या उष्णतेत माती मऊ पडते आणि पुढे झुकलेली नर्तकी सहज कलंडू शकते. म्हणूनच यांतील बहुतेक पुतळ्यांच्या पायांमागे झाडाचा बुंधा, खडक किंवा फुलांचे झुडूप दिसते. पाहणाऱ्याला ती निसर्गशोभा वाटते, प्रत्यक्षात तो टेकू असतो. एका पायावर नाचणारा विदूषक कोणत्या झुडपाला रेलला आहे हे शोधू लागले, की कारागिराचे सारे गणित उलगडते.

या पुतळ्यांना मेजावर मानाचे स्थान मिळाले ते हाइनरिश फॉन ब्र्युल या मंत्र्यामुळे. ऑगस्टसच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत राज्याची सूत्रे ब्र्युलच्या हाती गेली आणि माइसेनचा कारखानाही त्याच्याच देखरेखीखाली आला. १७३७ पासून चारपाच वर्षे खपून केंडलर आणि त्याच्या साहाय्यकांनी ब्र्युलसाठी दोन हजारांहून अधिक नगांचा ‘हंस संच’ सिद्ध केला. त्याच्या थाळ्यांवर पाण्यातले हंस, बगळे आणि लव्हाळी उठावात कोरलेली आहेत. त्याच्या मेजवान्यांतील शेवटच्या फेरीसाठी लागणाऱ्या पुतळ्या मात्र भांड्यांच्या कोठीत नव्हे, तर मिठाईखान्यात ठेवलेल्या असत. पदार्थ बदलला तरी खाते साखरेचेच राहिले.

पुतळ्या सुट्या सुट्या मांडल्या जात नसत. मेजाच्या मध्यावर आरशाचे तळे, रंगीत वाळू किंवा साखर पसरून केलेले वाफे, चिमुकली कुंपणे आणि मंडप असा बगिचा रचला जाई आणि त्यात पुतळ्यांचा समूह एखाद्या प्रसंगाच्या रूपाने उभा राही. शिकारीच्या मेजवानीला शिकारीची देवता डायाना, विवाहाच्या मेजवानीला कामदेव. इंग्लंडचा राजदूत चार्ल्स हॅनबरी विल्यम्स १७४८ मध्ये ब्र्युलच्या घरच्या अशाच एका मेजवानीला उपस्थित होता. एका मेजाशी २०६ माणसे बसली होती. शेवटची फेरी मांडली गेली तेव्हा आपण बागेत आहोत की नाट्यगृहात हेच त्याला उमगेना. मध्यभागी आठ फूट उंचीचे कारंजे होते आणि त्यातून सारा वेळ गुलाबपाणी वाहत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. गौरीपुढची आरास पाहताना एकेका बाहुलीपाशी नजर रेंगाळते, तसे पाहुण्यांचे होत असावे. अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला विषय मिळे आणि न बोलता येण्याजोगी राजकीय सूचनाही पुतळ्यांच्या तोंडून देता येई.

मेजाशी कोण, मेजावर कोण

या समूहांत कोणकोण असे, हे पाहण्यासारखे आहे. इटालियन लोकनाट्यातील विदूषक आणि त्याची सखी. मेंढपाळ. पॅरिसच्या रस्त्यांवर आरोळ्या देत हिंडणारे फेरीवाले. खाणकामगार. वाद्ये वाजवणाऱ्या माकडांचा ताफा. आणि ‘मलबारी’ म्हणून ओळखली जाणारी एक जोडी, जी १७५० च्या सुमारास फ्रीडरिश एलियास मायर या केंडलरच्या सहकाऱ्याच्या हातून उतरली. मलबारशी तिचा संबंध नावापुरताच. कारागिराने तो प्रदेश पाहिलेला नव्हता आणि पौर्वात्य म्हटले की जे काही युरोपीय मनात तरळे, ते त्याने त्या वेषभूषेत एकत्र गुंफले.

खाणकामगारांची गोष्ट अधिक बोलकी आहे. सॅक्सनीचे वैभव चांदीच्या खाणींवर पोसलेले होते. १७१९ मध्ये युवराजाच्या विवाहसोहळ्यात ड्रेस्डेनजवळच्या दरीत खाणकामगारांना ठेवणीतल्या गणवेशात मिरवणुकीने चालवण्यात आले. पुढे तेच गणवेश चिनी मातीत उतरले आणि सोनेरी बटणे लावून मेजावर आले. खाणीतला अंधार आणि फुफ्फुसात साचणारी धूळ त्यात अर्थातच नव्हती. जी माणसे या मेजाशी कधीही बसू शकली नसती, तीच नेमकी मेजावर मांडली जात होती. त्यांना पाहून पाहुणे सुखावत. स्वतः सरदार-दरदारही दरबारी सोहळ्यांत हौसेने शेतकऱ्यांचे आणि खानावळवाल्यांचे सोंग घेत.

ब्र्युलच्या शिंप्याची आख्यायिका हेच सांगते. या शिंप्याने म्हणे एकदा मागितले, की मलाही दरबारी मेजवानीला बसायला मिळावे. त्याची इच्छा पुरी करण्यात आली, पण चिनी मातीत. चष्मा लावलेला, कात्री आणि इस्त्री जवळ बाळगणारा, बोकडावर स्वार झालेला शिंपी केंडलरने १७३७ च्या सुमारास घडवला. कथा खरी की रचलेली, हे ठरवणे अवघड आहे. पुतळी खरी आहे आणि तिच्यातली कारागिरी अप्रतिम आहे. तिच्यातला विनोद मात्र ज्याच्यावर केला त्याला कितपत रुचला असेल, हा प्रश्न त्या कारागिरीमुळे मिटत नाही.

मेजावरून कपाटात

माइसेनची ही चाल युरोपभर पसरायला फार काळ लागला नाही. १७४७ मध्ये बव्हेरियात स्थापन झालेल्या, पुढे न्युम्फेनबुर्ग येथे गेलेल्या कारखान्यात फ्रान्स आंटोन बुस्तेली याने लोकनाट्यातील सोळा पात्रांची मालिका केली. तिच्यातील देहांची लवचीक वळणे केंडलरपेक्षाही सरस मानणारे जाणकार आहेत. फ्रान्समध्ये रंग आणि झिलई न देता संगमरवरासारखी पांढरी पुतळी ठेवण्याची रीत पडली, आणि साखरेच्या मूळ पुतळीची आठवण खरे तर तीच अधिक करून देते. इंग्लंडात चेल्सी आणि बो येथे कारखाने निघाले. चेल्सीवाल्यांना नमुने मिळाले ते उपरोक्त राजदूत विल्यम्स याला भेट मिळालेल्या माइसेनच्या संग्रहातून. १७५३ पर्यंत ही टूम इतकी बोकाळली होती, की लेखक होरेस वॉल्पोल याने मेजावरच्या मुरंबे-मिठायांची जागा विदूषक, नावाडी, तुर्क आणि मेंढपाळणींनी बळकावल्याची थट्टा छापून प्रसिद्ध केली.

१७५६ मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सॅक्सनी व्यापला. माइसेनच्या भट्ट्या त्याच्या ताब्यात गेल्या, ब्र्युलच्या वाड्यांची नासधूस झाली आणि सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा राज्य कर्जात बुडालेले होते. १७६३ मध्ये ब्र्युलही वारला. अभिरुचीही बदलत होती. एकोणिसाव्या शतकात पदार्थ एकेक करून पाहुण्याच्या हाताशी आणून वाढण्याची रशियन पद्धत रूढ झाली. मेजाच्या मध्यावर आता फुले, फळे आणि दिवे आले. पुतळ्या शेकोटीवरच्या फळीवर आणि काचेच्या कपाटात गेल्या. याच सुमारास इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात मध्यमवर्गासाठी आणि कामकऱ्यांसाठी स्वस्त मातीच्या पुतळ्या निघू लागल्या. त्यांची पाठ सपाट आणि बहुधा कोरी असे. भिंतीला लागून उभ्या राहणाऱ्या पुतळीला पाठ कशाला हवी, हा हिशेब कारखानदारांनी चोख ओळखला होता. त्या साध्या पुतळ्यांनी एक गोष्ट मात्र साधली. दरबारात जे मंत्र्यालाच परवडे, ते खाणकामगाराच्या घरात पोहोचले.

भारतात

आपल्याकडे युरोपीय चिनी मातीचा मोठा संग्रह हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान यांनी तो जमवला आणि १९५१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. मुंबईतील जुन्या पारशी घरांत चीनच्या व्यापारातून आलेल्या चिनी बरण्यांशेजारी युरोपीय पुतळ्याही दिसतात. घरे रिकामी होतात तशा यांतील काही वस्तू चोरबाजारातील मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत येतात. अलीकडच्या पिढीला परिचित आहे ती स्पेनमधील लाद्रो ही कंपनी. व्हॅलेन्सियाजवळ तीन भावांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने गणपती आणि राधा-कृष्णही चिनी मातीत घडवले आहेत.

जुन्या पुतळीच्या तळाशी निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी दिसल्या की ती माइसेनची, अशी समजूत प्रचलित आहे. तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. अठराव्या शतकातच या खुणेच्या नकला निघू लागल्या होत्या आणि पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात माइसेनपासून चेल्सीपर्यंत सर्वांच्या हुबेहूब प्रतिकृती बाजारात आणल्या. झग्याला जाळीदार लेस असलेली पुतळी बहुधा ड्रेस्डेनमधील नंतरच्या कारखान्यांची असते. खरी सुती लेस पातळ मातीत बुडवून पुतळीला चिकटवली जाते, भट्टीत धागा जळून जातो आणि मातीची जाळी उरते. तळाशी ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर ती बहुधा १९४५ ते १९५२ या काळातली जपानी नक्कल असते. शिवाय माइसेनने जुने साचे आणि नमुने जपून ठेवले असून केंडलरच्या अनेक पुतळ्या तेथे अजूनही घडतात. त्यामुळे अस्सल पुतळीही अठराव्या शतकातलीच असेल असे नाही. तळावर कोरलेला नमुना-क्रमांक असेल तर ती साधारण १७६० च्या दशकानंतरची समजावी.

अशी पुतळी घरी असेल तर ती हाताने किंवा डोक्याने धरून उचलू नये. एक तळवा बैठकीखाली आणि दुसरा धडाला, असे दोन्ही हात लावावेत. गरम पाण्यात बुडवणे टाळावे, कारण जुन्या पुतळ्यांची बोटे, पाकळ्या आणि टोप्यांच्या कडा पूर्वी कधीतरी तुटून जोडलेल्या असतात आणि तो जोड प्रथम सुटतो. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. आणि विकत घेण्याआधी पुतळी उलटी करून तळ पाहण्याबरोबर ती सावकाश फिरवून तिची पाठही पाहावी.